‘बेदी होते म्हणून’ हे कारण पुरतं का?

मागच्या लेखात आपण रिसर्च प्रॉब्लेम कसा मांडायचा ते पाहिलं. त्यावर दोघातिघांनी विचारलं, ‘ताई, चांगला प्रॉब्लेम आणि नुसती चांगली गोष्ट यांत फरक काय?’ उत्तर द्यायला बसले तेव्हा माझ्या विषयातलं, म्हणजे केमिस्ट्रीतलं, उदाहरण सुचेना. सुचलं ते क्रिकेटमधलं. ज्यांना क्रिकेट आवडत नाही त्यांनीही वाचा, कारण मुद्दा क्रिकेटचा फार थोडा आहे.

आमच्या घरी एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. ‘पद्माकर शिवलकर इंडियाला खेळले नाहीत, बेदी होते म्हणून.’ बाबा सायझिंगमधून रात्री आले आणि टीव्हीवर कुठल्यातरी पोराची निवड न झाल्याची बातमी असली, की हे वाक्य हमखास यायचं. बाबांनी शिवलकरांना रणजी सामन्यात कधी पाहिलेलं नाही. त्यांनी हे काकांकडून ऐकलं, काकांनी रेडिओवर किंवा पेपरात. ३ मार्च २०२५ ला शिवलकर गेले तेव्हा तेच वाक्य मराठी-इंग्रजी मृत्युलेखांत आणि व्हॉट्सॲपवर शेकडो वेळा फिरलं. बहुतेक मजकुरांचा साचा एकच होता: महान गोलंदाज, चुकीच्या काळात जन्म, समोर बिशनसिंग बेदी, एकही कसोटी नाही, नशीब. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘हा चेंडू दैवगतीचा’ असल्यामुळे शेवटचा परिच्छेद सगळ्यांना आयताच मिळाला.

याबद्दल लिहायचं ठरवलं त्याला एक खासगी कारणही आहे. माझ्या मैत्रिणीची नेट काही मार्कांनी हुकली तेव्हा तिला कुणीतरी हाच मजकूर फॉरवर्ड केला. ‘बघ, शिवलकरांनाही नाही मिळालं.’ तिने मला विचारलं, ‘म्हणजे मी काय समजायचं?’ मला उत्तर देता आलं नाही. पण ती गोष्ट तिच्या कामाची नाही, एवढं त्याच दिवशी जाणवलं होतं. का नाही, हे कळायला वेळ लागला.

आधी माहिती. शिवलकरांचा जन्म १९४० चा. डावखुरे फिरकी गोलंदाज. विनू मांकड यांनी त्यांना हेरलं. १९६१-६२ च्या हंगामात पहिला प्रथम श्रेणी सामना आणि १९८७-८८ मध्ये शेवटचा, तेव्हा वय सत्तेचाळीस. प्रथम श्रेणीत १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. त्यातले ३६१ बळी रणजी करंडकातले. कसोटी सामने शून्य. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचंही असंच: १५७ सामने, ७५० बळी, सरासरी १८.५८, कसोटी शून्य. रणजीत सर्वाधिक बळींचा ६३७ चा विक्रम गोयल यांच्या नावावर आहे. २०१७ मध्ये बीसीसीआयने या दोघांना मिळून सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला.

इथेच थांबून एक साधी गोष्ट बघा, कारण निम्मे लेख इथेच घसरलेले आहेत. ‘शिवलकरांचे ५८९ आणि गोयल यांचे ६३७’ असं एका दमात लिहिलेलं मी अनेक ठिकाणी वाचलं. यातला पहिला आकडा सगळ्या प्रथम श्रेणी सामन्यांचा आहे, दुसरा फक्त रणजीचा. एकाच्या पूर्ण पगाराची तुलना दुसऱ्याच्या बेसिकशी करण्यासारखं आहे हे. सारखी तुलना करायची तर ५८९ समोर ७५० ठेवा, नाहीतर ३६१ समोर ६३७. थीसिसमधल्या टेबलात अशी चूक झाली तर परीक्षक तिथेच पेन टेकवून बसतो. मृत्युलेखात झाली तर कुणी काही म्हणत नाही, आणि पुढच्या लेखाचा तोच ‘संदर्भ’ होतो.

आता त्या वाक्याकडे येऊ. ‘बेदी होते म्हणून’ यात ‘म्हणून’ हा शब्द आहे, म्हणजे हा कार्यकारणाचा दावा आहे. बेदी ‘अ’, शिवलकरांची निवड न होणं ‘ब’, आणि ‘अ’मुळे ‘ब’. असा दावा तपासायचा पहिला रस्ता म्हणजे जिथे ‘अ’ नव्हता तिथे काय झालं ते बघायचं. लॅबमध्ये आपण कंट्रोल ठेवतो. इतिहासात कंट्रोल ठेवता येत नाही, पण कधीकधी आपोआप मिळतो.

इथे तो मिळाला १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये. वेस्ट इंडीजविरुद्ध बंगलोरची पहिली कसोटी. बेदींना शिस्तीच्या कारणावरून बाहेर ठेवलं होतं. म्हणजे जागा रिकामी. गोयल संघासोबत होते. शिवलकर चौतीस वर्षांचे, आदल्याच वर्षी रणजीच्या अंतिम सामन्यात तामिळनाडूला कापून काढलेले. खेळलं कोण? प्रसन्ना आणि वेंकटराघवन हे दोन ऑफस्पिनर, आणि चंद्रशेखर. बेदींची जागा भरायला दुसरा निव्वळ डावखुरा फिरकीवाला घेतलाच नाही. वाक्य खरं असतं तर अडथळा दूर झाल्याबरोबर मागचा माणूस पुढे यायला हवा होता. आला नाही. एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे, पण दावा ‘नेहमी’चा असेल तर एक उलटं उदाहरणही त्याला हलवतं.

दुसरी तपासणी: संघात दोन डावखुरे फिरकी गोलंदाज एका वेळी नसतातच, असं गृहीत धरलं जातं. ते खरं नाही. १९७१ च्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत, म्हणजे आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं त्या सामन्यात, बेदी आणि सलीम दुराणी दोघंही होते, आणि सोबर्स-लॉइड यांना दुराणींनीच बाद केलं होतं. त्याआधी बेदी आणि बापू नाडकर्णी एकत्र खेळलेले आहेत. दुराणी आणि नाडकर्णी दोघांनी कसोटीत शतकं काढली आहेत. शिवलकर तळाला येणारे फलंदाज. म्हणजे दुसऱ्या डावखुऱ्यासाठी संघाचं दार बंद नव्हतं, पण आत यायला बॅट लागत होती. हे कारण बेदींपेक्षा निराळं आहे. आणि ते सांगायला कंटाळवाणं आहे. ‘बेदी होते म्हणून’ यात दोन महान माणसांची टक्कर आहे, ‘आठव्या क्रमांकावर कोण धावा करणार’ यात फक्त हिशेब आहे. म्हणूनच पहिली गोष्ट टिकली असावी, असा माझा अंदाज.

तिसरी तपासणी काळाची. बेदींची पहिली कसोटी १९६६ च्या अखेरीस, शेवटची १९७९ मध्ये. शिवलकरांचं पदार्पण १९६१-६२ चं. म्हणजे सुरुवातीची चार-पाच वर्षं बेदी नव्हतेच, नाडकर्णी आणि दुराणी होते. बेदी गेल्यावर १९७९ मध्ये जागा मिळाली दिलीप दोशींना, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. त्या वेळी शिवलकर चाळिशीला टेकत होते. दोशींनी तिशी उलटल्यावर पदार्पण करून ३३ कसोटींत ११४ बळी घेतले. त्यांच्यानंतर रवी शास्त्री, मग मनिंदर सिंग. तेव्हा ‘बेदी’ हे एका माणसाचं नाव म्हणून कमी आणि सत्तावीस वर्षांतल्या पाच-सहा वेगवेगळ्या अडथळ्यांवर लावलेलं एकच लेबल म्हणून जास्त काम करतं. प्रत्येक टप्प्यावर स्पर्धक वेगळा, शिवलकरांचं वय वेगळं, कर्णधार वेगळा. निवड समितीच्या खोलीत काय बोललं गेलं हे धावफलकात नसतंच.

इथपर्यंत मी त्या वाक्याविरुद्ध बोलले. आता माझ्या स्वतःच्या बाजूची झाडाझडती, कारण मीही एक चूक केली होती.

मी पहिल्यांदा आकडे काढले तेव्हा शिवलकरांची सरासरी १९.६९ आणि बेदींची कसोटीतली २८.७१ शेजारी ठेवली आणि बाबांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ‘नऊ धावांचा फरक आहे, बाबा!’ बाबा खूश. पण हे चूक आहे. कसोटीतले फलंदाज वेगळे, रणजीतले वेगळे. बेदींची प्रथम श्रेणीतली एकूण कामगिरी ३७० सामने, १५६० बळी, सरासरी २१.६९. यात कसोट्याही धरलेल्या आहेत. त्या वजा करू. १५६० गुणिले २१.६९ म्हणजे साधारण ३३,८३६ धावा. कसोटीतले २६६ बळी गुणिले २८.७१ म्हणजे साधारण ७,६३७. उरल्या सुमारे २६,२०० धावा, १,२९४ बळींसाठी. भागाकार करा: २०.२५. म्हणजे कसोटी वगळल्यावर बेदी सव्वावीस आणि शिवलकर १९.६९. नऊ धावांचा फरक जवळजवळ अर्ध्या धावेवर आला. आणि बेदींच्या त्या १,२९४ मध्ये नॉर्दम्प्टनशायरसाठी इंग्लंडमध्ये घेतलेले शेकडो बळी आहेत, अनोळखी हवेत आणि खेळपट्ट्यांवर.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. शिवलकरांचा सर्वात प्रसिद्ध सामना म्हणजे १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना, मद्रासच्या चेपॉकवर. मुंबई १५१ आणि ११३, तामिळनाडू ८० आणि ६१. मुंबई १२३ धावांनी विजयी, तिसऱ्या दिवशी सकाळी खेळ सुरू होताच सामना आटोपला. मुंबईचं ते सलग पंधरावं विजेतेपद. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले, म्हणजे सामन्यात ३४ धावांत १३.

आता हा एक सामना कारकिर्दीतून काढून बघा. ५८९ गुणिले १९.६९ म्हणजे साधारण ११,५९७ धावा. त्यातून ३४ धावा आणि १३ बळी वजा केले तर ११,५६३ धावा आणि ५७६ बळी. सरासरी येते २०.०७. एकशे चोवीसपैकी एक सामना काढला आणि सरासरी वीसच्या वर गेली. बेदींच्या सव्वावीसपासून अंतर राहिलं पाव धावेचंही नाही. याला आपण सेन्सिटिव्हिटी ॲनॅलिसिस म्हणतो: निष्कर्ष डेटाच्या एकाच बिंदूवर उभा आहे का, हे तो बिंदू काढून बघणं. अर्थात हे एकालाच लावणं अन्याय आहे. बेदींचाही सर्वोत्तम सामना काढला पाहिजे. पण दीड हजार बळींच्या ढिगातून दहा-बारा काढले तर फारसं हलणार नाही. लहान सॅम्पल असलेल्याला एक चांगला दिवस जास्त उचलतो, आणि एक वाईट दिवस जास्त पाडतो.

मग चेपॉकचा तो सामना ‘आउटलायर’ म्हणून फेकून द्यायचा का? मुळीच नाही. उलट तो नीट वाचायचा. लोक म्हणतात की ती खेळपट्टीच तशी होती, कुणीही बळी घेतले असते. हे तपासता येतं. चारही डाव मिळून ४०५ धावा आणि चाळीस गडी. म्हणजे त्या मातीवर एका गड्याची किंमत सरासरी दहा धावा. शिवलकरांनी एका गड्याला मोजल्या २.६ धावा. त्याच खेळपट्टीवर, त्याच दोन-अडीच दिवसांत, समोर वेंकटराघवन यांच्यासारखा कसोटी गोलंदाज असताना. कुणीही घेतले असते, तर इतरांनाही तेवढ्याच स्वस्तात मिळाले असते. ही तुलना १९.६९ पेक्षा कितीतरी जास्त बोलकी आहे, कारण यात खेळपट्टी, हवामान आणि दिवस सगळ्यांना समान आहेत. आपण प्रयोगात जे मुद्दाम घडवून आणतो ते इथे मैदानाने करून दिलं. मला सर्वात जास्त विश्वास या आकड्यावर वाटतो, आणि नेमका हा मला एकाही मृत्युलेखात दिसला नाही. तिथे ‘१६ धावांत ८’ असतं, पण कशाच्या तुलनेत ते नसतं.

आता ज्यामुळे मी हा लेख लिहायला घेतला त्या अडचणीकडे. रणजी स्पर्धा तेव्हा विभागवार खेळली जायची. मुंबईचे साखळी सामने गुजरात, सौराष्ट्र, बडोदा आणि महाराष्ट्र यांच्याशी, मग बाद फेरी. त्या काळात देशातली सर्वात भक्कम फलंदाजी कुणाची? मुंबईची. आणि शिवलकर मुंबईचेच. म्हणजे रणजीत सगळ्या गोलंदाजांना ज्या फलंदाजीची धडकी भरायची, तिच्यासमोर गोलंदाजी करायची वेळ शिवलकरांवर कधी आलीच नाही. त्यांचे ३६१ बळी ‘मुंबई वगळून’ आहेत. शिवाय त्यांच्यामागे मुंबईच्या मोठ्या धावसंख्या, म्हणजे घाईत खेळावं लागणारे प्रतिस्पर्धी. हा बायस त्यांच्या बाजूने काम करतो. किती, ते या डेटातून काढता येत नाही, कारण ज्या तुलनेची गरज आहे ती रकानाच रिकामा आहे.

पण शिवलकरांनी मुंबईच्या फलंदाजांना गोलंदाजी केलीच नाही असं थोडंच आहे? भरपूर केली. फक्त ती प्रथम श्रेणीत मोजली जात नाही. ती झाली क्लब क्रिकेटमध्ये.

कांगा लीग १९४८ पासून सुरू आहे. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाची, ऐन पावसाळ्यात खेळली जाणारी, ‘ए’ पासून ‘जी’ पर्यंत सात डिव्हिजनची. मैदानं ओली, गवत वाढलेलं, चेंडू कधी थांबेल, कधी उसळेल, कधी तळात बसेल. शिवलकर शिवाजी पार्क जिमखान्याकडून खेळायचे. गावसकर आणि नंतर वेंगसरकर दादर युनियनचे. या दोन क्लबांची चुरस दादर-माटुंग्यात अजून सांगितली जाते. गावसकरांनी १९८३ च्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात ज्यांच्यावर लेख लिहिले त्यांत शिवलकर आणि गोयल दोघंही आहेत. जगातल्या उत्तम वेगवान गोलंदाजांना तोंड दिलेला माणूस एकही कसोटी न खेळलेल्या दोघांना आदर्शांच्या यादीत बसवतो, याचा अर्थ त्याने असं काहीतरी पाहिलं होतं जे ५८९ मध्ये नाही. ते कदाचित तिथे, त्या ओल्या मैदानांवर पाहिलं असेल.

म्हणजे बघा, ‘शिवलकर नेमके किती चांगले होते’ याचा सर्वात चांगला पुरावा वरच्या पातळीवर नाही, खालच्या पातळीवर आहे. आणि खालच्या पातळीचं आपण नीट लिहून ठेवत नाही.

याच्या उलट एक उदाहरण देते. आर्थर रावली हा इंग्लिश फुटबॉलपटू, जन्म १९२६ चा. दुसऱ्या महायुद्धानंतर लीग पुन्हा सुरू झाली त्या १९४६ च्या सुमारापासून १९६५ पर्यंत तो वेस्ट ब्रॉम, फुलहॅम, लेस्टर आणि शेवटी श्रूजबरी टाउनकडून खेळला. इंग्लंडसाठी एकही पूर्ण आंतरराष्ट्रीय सामना नाही. त्याचा मोठा भाऊ जॅक मँचेस्टर युनायटेडचा, तो इंग्लंडकडून खेळला. श्रूजबरी तर १९५८ मध्ये नव्याने काढलेल्या चौथ्या डिव्हिजनमध्ये होती, रावली तिथे खेळाडूही आणि मॅनेजरही. ही सगळी आपल्या मापाने ‘नशिबाने दगा दिला’ म्हणायची सामग्री. पण रावलीचं नाव घेतलं की पहिला येतो तो आकडा ४३४: इंग्लिश लीगमध्ये सर्वाधिक गोल, ६१९ सामन्यांत. चार वेस्ट ब्रॉमसाठी, सत्तावीस फुलहॅमसाठी, २५१ लेस्टरसाठी, १५२ श्रूजबरीसाठी. बेरीज करून बघा, जुळते. इंग्लंडसाठी खेळला नाही हे त्याच्याबद्दलच्या वाक्याच्या मागच्या भागात येतं.

आता हे तिथले लोक आपल्यापेक्षा कमी हळवे आहेत म्हणून होतं, असं मी म्हणत नाही. साधं कारण असं की त्यांच्याकडे चौथ्या डिव्हिजनच्या सामन्यातही कोण खेळला, गोल कुणी केला, हे एका जागी नोंदलेलं आहे. तिथल्या खालच्या डिव्हिजनचे खेळाडूही व्यावसायिक होते, पगार मात्र बेताचा. १९६१ च्या जानेवारीपर्यंत तर आठवड्याला वीस पौंड ही कमाल मर्यादाच होती. पण नोंद पूर्ण. त्यामुळे खालच्या पातळीवरच्या माणसाबद्दल बोलताना ‘त्याने काय केलं’ हे सांगायला शब्द असतात. आपल्याकडे शिवलकरांसारख्या, ऑफिस आणि क्लब सांभाळून खेळणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीचा मोठा हिस्सा नोंदीच्या बाहेर राहतो. जे केलं ते सांगायला आकडे नसतात, मग जे झालं नाही तेच मुख्य वाक्य होतं. शिवलकरांच्या बाबतीत ‘एकही कसोटी नाही’ हा मथळा आणि सत्तावीस हंगाम तळटीप.

याच कारणासाठी मला ‘हा चेंडू दैवगतीचा’ या नावाचा आपण केलेला वापर खटकतो. नाव खटकत नाही. स्वतःच्या आयुष्याला काय म्हणायचं हा त्यांचा हक्क, शिवाय ते गायचेही, आणि या नावाचं त्यांनी गायलेलं गाणं आहे. पण स्वतःच्या आयुष्याबद्दल ‘दैव’ म्हणणं आणि दुसऱ्याच्या कारकिर्दीचं विश्लेषण करताना ‘दैव’ म्हणून थांबणं यांत फरक आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर मॉडेलने जे समजावलं नाही त्याला आपण ‘एरर टर्म’ म्हणतो. एरर टर्म असतेच, ती मान्य करावी. पण आधी बॅटिंग, वय, विभागवार स्पर्धा, निवडीचा काळ हे सगळं मॉडेलमध्ये घालायचं, आणि उरेल त्याला दैव म्हणायचं. इथे एकही घटक न घालता सगळंच एरर टर्ममध्ये टाकलेलं आहे.

माझ्या मैत्रिणीला तो फॉरवर्ड का कामाचा नव्हता, तेही इथेच आहे. ‘तुझ्यापुढे कुणीतरी बेदी होता’ असं तिला सांगितलं गेलं. तिच्यापुढे कुणीही बेदी नव्हता. तिचा पेपरचा पहिला भाग बरा गेला होता, विषयाच्या भागात ऑरगॅनिकचे प्रश्न तिने सोडून दिले होते. ते तिला माहीत होतं. दैवाच्या गोष्टीने ते झाकलं गेलं, आणि पुढची तयारी करताना तिने पुन्हा पहिल्या भागावरच महिनाभर घालवला. (आता ती दुसऱ्या विद्यापीठात पीएचडीला आहे, आणि हे लिहायला तिची परवानगी आहे.)

तर सुरुवातीचा प्रश्न, चांगला प्रॉब्लेम आणि चांगली गोष्ट. ‘शिवलकर कसोटी का खेळले नाहीत’ ही गोष्ट आहे, तिचं उत्तर आज कुठल्याच डेटातून पुरतं निघत नाही. ‘१९६० आणि ७० च्या दशकांत कांगा लीगच्या ए डिव्हिजनमध्ये शिवलकरांनी कसोटी खेळलेल्या फलंदाजांना किती वेळा आणि किती धावांत बाद केलं’ हा प्रॉब्लेम आहे. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि उत्तर आपल्या मनासारखं येणार नाही ही शक्यताही आहे. क्रीडा इतिहासावर एमए किंवा पीएचडी करू पाहणाऱ्या कुणीतरी हे घ्यावं असं मला मनापासून वाटतं. मी केमिस्ट्रीवाली, मला गाईड दारातच उभं करेल.

काम कसं करायचं, तेवढं सांगते. कांगाचे सामने रविवारी, म्हणजे बघायचे ते सोमवारचे अंक. जुलै ते सप्टेंबर. वर्षाला बारा-तेरा सोमवार, वीस वर्षांचे अडीचशेच्या आसपास अंक. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जागी आधी विचारा, कोणत्या दैनिकांच्या कोणत्या वर्षांच्या फाइली बघायला मिळतील. पावसाने रद्द झालेले रविवार वेगळ्या रकान्यात लिहा, कोरे सोडू नका. ‘सामना झाला नाही’ आणि ‘बातमी सापडली नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सगळ्यात मोठी अडचण अशी येईल की पेपरात अशा सामन्यांचे धावफलक त्रोटक असतात. पाच बळी घेतले तर नाव छापलं जातं, दोन घेतले तर नाही. म्हणजे हा डेटा चांगल्या दिवसांकडे झुकलेला असणार, आणि सरासरी काढायला गेलात तर ती खोटी चांगली येणार. त्यापेक्षा सामन्यांची संख्या मोजा, आणि दादर युनियनविरुद्धचे सामने वेगळे काढा, तिथे धावफलक जरा सविस्तर मिळण्याची शक्यता जास्त.

बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. २०.०७ आणि २०.२५ ला ते गप्प बसले. चेपॉकच्या २.६ ला म्हणाले, ‘हे तू आधी का नाही सांगितलंस?’